डिकी सोडून सगळं

३ मार्च, सोमवार. सकाळ.

मोबाईलपुढे बोललं की तो आपोआप लिहून घेतो. लेकीनं शिकवलं. म्हणाली, आई, रोज थोडं बोलत जा, मन मोकळं होईल. मला अक्षर ओळखता येत नाही, तेव्हा इथलं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

मन मोकळंच आहे. अडलंय ते पार्किंग. हे गेले तेव्हापासून यांची गाडी उभी आहे. हिवाळा सरला, जागची हललेली नाही. निळी होती. आता रंग कोणाला तरी विचारावा लागेल.

रविवारी पॉलिशवाला येणार, सोमवारी लेक गाडी घेऊन जाणार. तिला ऑफिसला लागते. मला काही वाटत नाही. खाली झाडायला जागा होईल.

पॉलिशवाला फोनवर म्हणाला, आजी, आधी गाडी स्वच्छ हवी, नाहीतर माझं मशीन तीच धूळ रंगावर घासत बसेल. मीच आदल्या दिवशी येऊन करतो. म्हटलं, काही नको, मी समर्थ आहे. बिल्डिंगमध्ये पाइप लावून धुवायला बंदी, तर म्हणाला बादलीत होतं. पाण्यात झाकणभर औषध, मऊ फडकी, एका रेघेत पुसायचं, गोल गोल नाही. एक घडी मळली की दुसरी घडी. हे मला सांगतो! माझा जन्म फडक्यांत गेला.

उद्या एका दिवसात उरकते.

४ मार्च. दुपार.

फडकी धुऊन वाळत घातली. तयारी म्हणजे अर्धं काम.

संध्याकाळ.

खाली जाऊन नुसती बघून आले. डिकीवर धुळीत पंजा उमटलाय. त्यावर पुन्हा धूळ बसली तरी दिसतो. यांचाच. डिकी हे दुसऱ्या कोणाला लावूच देत नसत. आपटू नकोस, दाब, दाब. ऐकून ऐकून म्हातारी झाले. चाळीस वर्षं संसार माझ्या हातात दिला, गाडीला हात लावला की म्हणे ओरखडे येतील.

डिकी शेवटी करायची. पद्धतच असते तशी.

५ मार्च.

टप आणि बॉनेट झालं. चार रेघा सरळ पुसल्या, मग हात आपला गोल फिरायला लागला. हाताची सवय आहे, माझा दोष नाही.

फडकं पिळताना करंगळी मधे येते. मागे याच गाडीच्या दारात सापडली होती, तेव्हापासून बाहेरच बघत असते. मी किंचाळले तेव्हा हे धावत आले आणि आधी दाराचा रंग बघितला. मग म्हणाले, फार लागलं का गं?

रात्री लेकीचा फोन. आई, जेवलीस का? म्हटलं, जेवले. काय जेवलीस? ते आठवेना. हॉस्पिटलमधून परत आलो तो दिवसही असाच आठवत नाही. मला काय आठवायचंय? सगळं लेकीनंच केलं. मी नुसती होते.

६ मार्च.

चारही दारं झाली. आता पॉलिशवाल्यानं सांगितलेली परीक्षा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि रंगावरून अलगद फिरवायची. डोळ्यांना न दिसणारी कचकच पिशवीतून बोटांना कळते म्हणे. सगळीकडे फिरवली. मला काही जाणवलं नाही. म्हणजे काम उत्तम.

शेजारणीनं तीच पिशवी घालून एकदाच हात फिरवला. म्हणाली, अगंबाई, ताई, ही तर वाळू आहे. तिची बोटं नाजूक. काम नाही ना हाताला.

७ मार्च.

कचकच काढायला रबरासारख्या मातीचा गोळा मिळतो. औषधाचं पाणी मारायचं आणि गोळा फिरवायचा. तळव्यात मस्त बसला. फिरवता फिरवता खाली पडला. पॉलिशवाल्यानं बजावलं होतं, पडला की सरळ फेकून द्यायचा. आताच्या मुलांना फेकणं तेवढं येतं! मी धुतला, मळला, पुन्हा वापरला.

संध्याकाळी बॉनेटवर रेघाच रेघा. आधीपासून असणार. धुळीखाली झाकल्या होत्या, मी उघड्या केल्या.

म्हणजे ओरखडे आलेच. हे असते तर. असो.

८ मार्च. शनिवार.

आज डिकी करणार होते. ऊन फार होतं. मग ऊन गेलं तर उजेड कमी झाला.

शेजारीण मदतीला म्हणून आली आणि फडकं घेऊन थेट डिकीकडेच निघाली. तिला थांबवलं. ओरडले नाही. माझा आवाजच मोठा आहे.

लगेच लेकीचा फोन. आई, काकू सांगत होत्या. रडतेस का? म्हटलं, अगं, रडायला काय झालं? गाडी जवळजवळ तयार आहे. ती म्हणाली, तुला नको असेल तर नाही नेत मी गाडी. तशी उभी राहू दे. म्हटलं, ने बाई. मला कशाला हवी? मी काय चालवणार आहे?

एवढी डिकी राहू दिली तर काय बिघडतं? पॉलिशवाल्याला सांगेन, इथे मशीन लावू नकोस. अगदी शांतपणे पटवून देईन.

९ मार्च, रविवार. दुपार.

पॉलिशवाला आला. बॉनेट बघून म्हणाला, आजी, मातीचा गोळा पडला होता का? म्हटलं, छे! तो हसला. रेघा जातील म्हणाला.

मग मागे गेला. आजी, डिकी का राहिली? शांतपणे पटवलं. आमच्या ह्यांचा हात आहे तो, म्हटलं. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, आजोबांचा हात एवढा लहान होता?

लहान कसा असेल? माझी दोन्ही मनगटं यांच्या एका मुठीत मावायची.

तो म्हणाला, आणि यांची करंगळी बघा, कशी बाहेर गेलीय.

मी माझा हात त्या पंजावर धरला. लावला नाही, नुसता धरला. पाचही बोटं बसली.

हॉस्पिटलमधून परत आलो त्या दिवशी डिकीतली पिशवी मीच काढली होती. यांचा चष्मा, चपला, टॉवेल. लेक गाडीचं कुलूप बघत होती. डिकी मीच लावली. दाबली नाही. आपटली.

पॉलिशवाल्यानं विचारलं, पुसू? म्हटलं, मी पुसते. एका रेघेत पुसली, गोल नाही. फार तर मिनिटभराचं काम होतं. आठवडाभर उगीच घोळ घातला.

गाडी निळीच आहे.

फडकी सगळी धुतली. डिकीचं तेवढं बाजूला ठेवलंय. त्यात आहे काय, माझ्याच हाताची धूळ. उद्या धुवायला टाकते.