कट्ट्यावरचे बाबा

प्रिय बारक्या,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. जिना चढताना दोनदा थांबतात आणि थांबलोच नाही असं दाखवतात. हृदयाचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, निरोप टाकला की तो वाचल्याची खूण येते आणि पुढे काहीच येत नाही. म्हणून आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना, डोळे तपासायच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. ऑपरेशनचं सांगायचंच आहे, पण त्याआधी बाबांच्या कॉम्प्युटरबद्दल सांगावं लागेल.

तुमच्या कंपनीचा अँटिव्हायरस बाबांनी विकत घेतला, हे तुला माहीत नसेल. फुकटातला नाही, पैसे भरून, एकदम तीन वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तुला काय म्हणाले होते ते मी विसरलेले नाही, आणि तू तर नाहीच नाही. लोकांच्या तोंडावर जाहिराती फेकायचं हे कसलं काम, असं म्हणाले आणि तू बॅग उचलून गेलास. तू गेल्यावर महिन्याभराने ते एकटेच बाजारात गेले आणि तो डबा घेऊन आले. माफी मागणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही, तुझ्या कंपनीचं गिऱ्हाईक होणं जमलं.

तेव्हापासून त्या कॉम्प्युटरनं माझा पिच्छा पुरवलाय. मी आपली वीजबिल भरायला बसते, तर कोपऱ्यातून चौकट वर येते. तुमचं संरक्षण एकदम झकास, मित्रांना कळवा! ती बंद करावी तर दुसरी येते, की तुमच्या ओळखीचे सातजण अजून असुरक्षित आहेत, त्यांना बोलवा. मग फोटो साफ करण्याची जाहिरात, मग याहून महागाच्या योजनेची. चोर येऊ नये म्हणून पहारेकरी ठेवावा आणि त्यानंच दिवसभर बेल वाजवावी, तसं झालंय. तुमच्या मदतकेंद्राला तीनदा फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की मॅडम, ही जाहिरात नाही, ही सुविधा आहे, आणि ती बंद करता येत नाही. मी हात टेकले.

पण बाबा मला एकही चौकट बंद करू देत नाहीत. छापखान्यात जन्मभर खिळे जुळवलेला माणूस, चष्मा कपाळावरून खाली ओढून प्रत्येक शब्द वाचतात. आपल्या भाषेतली ती वाक्यं तू लिहितोस, हे त्यांना तुझ्या मित्राच्या आईकडून कळलं. आणि त्यातल्या एका वाक्याची सुरुवात ‘बरं का’नं होत होती. झालं. हे तर आपल्या बारक्याचंच, म्हणाले, लहानपणी शाळेतून आला की दारातूनच ‘बरं का बाबा’ सुरू व्हायचं. तेव्हापासून ते त्या चौकटींना तुझी पत्रं समजतात. जेवताना मला सांगतात, आज बारक्याचं दोनदा आलं. मी भात वाढते.

गेल्या महिन्यात कळलं की ते उत्तरंही देतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जो ‘सुरक्षा कट्टा’ काढलाय ना, आपल्या मनातलं लिहा म्हणणारा, त्यात. मी ते पान उघडलं आणि बाबांच्या ओळी वाचत गेले. गुडघा बरा आहे. ताई फार दमते, तिला कुणी मदत नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. परवाच्या वाक्यात एक वेलांटी चुकली होती, वरिष्ठांनी पाहायच्या आत दुरुस्त कर. त्या दिवशी मी जास्त बोललो. बारक्या, हे शेवटचं वाक्य त्यांनी चार वेगवेगळ्या दिवशी लिहिलंय. आणि कट्टा सगळ्यांना उघडा आहे. प्रत्येक ओळीखाली अनोळखी लोकांनी हसरे चेहरे टाकलेत, एकानं लिहिलंय, आजोबा, रोबोशी बोलताय. बाबांना वाटतं, ते चेहरे तू पाठवतोस.

ऑपरेशनची तारीख त्यांनी तिथंच तुला कळवली होती, येशील का असं विचारलं होतं. लगेच उत्तर आलं की तुमचा निरोप मिळाला, आम्ही लवकरच तुमच्यापर्यंत पोहोचत आहोत. ते कुणी लिहून ठेवलंय हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बाबांनी तारीख पुढे ढकलली. म्हणाले, बारक्या निघालाय, तो आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. दुसरी तारीखही तशीच गेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. घरी येऊन मी बाबांना खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांनी मला तुझ्या खाटेवरची नवी चादर दाखवली. मला नाही सांगता आलं रे.

म्हणून मी एक गोष्ट केली, आणि तीच सांगण्यासाठी हे पत्र. त्या कट्ट्यावर मी तुझ्या नावानं खातं उघडलं. तुझा जुना फोटो लावला. इतक्या मोठ्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरनं मला एका शब्दानं विचारलं नाही की तू खरंच तू आहेस का. मी लिहिलं, बरं का बाबा, मंगळवारी ऑपरेशन करून घ्या, तुम्हाला आत नेण्याआधी मी तिथं असेन. त्यांनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि लगेच डॉक्टरांना होकार कळवला. दवाखान्याची पिशवी स्वतः भरून ठेवलीय. तुझ्या नावानं मी फक्त एकच वाक्य लिहिलं आणि तेव्हापासून माझा घास खाली उतरत नाही, तू रोज कसं लिहितोस कोण जाणे. बारक्या, मंगळवारी सकाळी आठला त्यांना आत नेतील. ते दाराकडेच बघत असतील. माझं एवढं एक खोटं खरं कर.

तुझीच, हात जोडून,
ताई