अडक्याचा पट्टा

४ ऑगस्ट
अडीचशे कप्पे! पवनेकाठच्या कॅम्पिंगवाल्यांचे तंबू शिवून मोठा झालो, पण बंदुकीसाठी शिवेन असं वाटलं नव्हतं. लोणावळ्यातल्या एका हौशी माणसाकडे शंभर वर्षांपूर्वीची मशीनगन आहे. तिचा काडतुसांचा कापडी पट्टा कुजला. नवा शिवून द्या म्हणतो, नकली काडतुसंही दिली. पट्टा सरकत आत जायचा, बंदूक कप्प्यातून एकेक काडतूस ओढायची. म्हणजे शिलाई मशीनच — उलटं. आपण जोडतो, ती उसवते.

७ ऑगस्ट
माझा कारागीर अंबाजी, भाजे गावचा. पट्टा उलटसुलट करून बघत होता. चहाच्या वेळी बोलला — त्याचा आजा पहिल्या महायुद्धात इराककडे अशाच बंदुकीचा पट्टा धरायला होता. ऐन वेळी बंदूक अडकली. आजा भ्याला, हात थिजले, असं सोबतच्यांनी गावात सांगितलं. घराला नाव पडलं — अडक्या. मागे याची मोटरसायकल बंद पडली, मी पाठीमागे बसलेलो. पारावरून कोणीतरी म्हणालं, "अडक्याचीच ती, अडकनारच." अंबाजी हसला. दोरा संपलेलं मशीन चालतं ना, तसं हसला.

१० ऑगस्ट
धुकं दुकानात शिरलंय. मशीन चालू. वाटत राहिलं, पट्ट्याचं दुसरं टोक लांब वाळवंटात कुणाच्या तरी मांडीवर पडतंय.

११ ऑगस्ट
झाला! काडतुसं ओढून पाहिली. टप, टप, टप. एकसारखा आवाज.

१३ ऑगस्ट
पट्टा दोन दिवस खिडकीशी होता. आज काडतूस ओढलं — टप नाही, कुईं. पुढचं तर निघेचना! दमट हवेत कापड आवळलं. तंबूवाल्याला हे कुणी शिकवायचं? अंबाजीला म्हटलं, ओढ. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. नाही.
"हात नव्हते थिजले, अंबाजी. कापड आवळलं होतं."
त्याने पट्टा मांडीवर घेतला. मग म्हणाला, "शेठ, माज्या आयला सांगाया येता का?"

१७ ऑगस्ट
भाज्याला गेलो. अंबाजीची आई नंदाबाई, पंच्याऐंशीची. मी रंगात येऊन सगळं सांगितलं. मावशी पट्ट्यावरून हात फिरवत होत्या.
"ठावं हाय मला. मामंजींनी सांगितलं हुतं. मी जित्ता हाय तवर बोलू नगं म्हनले, मग ऱ्हाऊनच गेलं. तितं कुटला पाऊस, बाबा? समोर गाव हुतं, बाया-पोरं हुती. पट्टा मामंजींनीच भिजवला."