भोंगा बंद, कंटेंट चालू

१ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून आपल्या दुकानाचं ट्रॅडिशनल ॲडव्हर्टायझिंग बंद. निर्णय पक्का. मुन्नाची भोंग्याची रिक्षा बंद. वारंगा फाट्याच्या भिंतीवरची 'विश्वंभर चष्मेवाले, आखाडा बाळापूर' ही अक्षरं यंदा पुन्हा रंगवायची नाहीत. जाहिरात म्हणजे लोकांच्या कानाशी ओरडणं. कंटेंट म्हणजे लोकांना फुकट माहिती देणं. त्यातून विश्वास बसतो आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येतं. ऑनलाइन कोर्समध्ये हे स्पष्ट सांगितलंय. बाबांनी तीस वर्षं दुकान चालवलं, त्यांना हे कुणी सांगितलंच नाही.
चॅनलचं नाव 'नजर विथ पुष्कर'. रोज एक रील.
बायकोची, म्हणजे रेवतीची, भुणभुण : बाबा परत उंबऱ्याला अडखळले, त्यांचे डोळे नांदेडला दाखवून आणा. चष्मेवाल्याच्या बापाचे डोळे दुसऱ्याला दाखवायचे? ब्रँडचं काय होईल? तरी नेणार. याच महिन्यात.

३ नोव्हेंबर
मुन्नाला सांगितलं. तो म्हणाला, काहून भाऊ, आवाज बसला का माझा? मी त्याला विचारलं, भोंगा ऐकून किती लोक आले याचा डेटा आहे का? म्हणाला, मोजलं न्हाई, पण बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात उभं ऱ्हायला जागा न्हाई ऱ्हायची. याला पुरावा म्हणत नाहीत. चहा पाजून वाटेला लावला.

९ नोव्हेंबर
पहिली रील : 'चष्मा पुसताना होणाऱ्या तीन चुका'. व्ह्यूज ४१. त्यातले नऊ माझेच, पण सुरुवात म्हणून उत्तम.
शूटिंग चालू असताना बाबा ट्रायपॉडला धडकले. दोनदा. म्हणाले, दिसलाच न्हाई रे. एवढा पाच फुटी ट्रायपॉड! वय झालं की माणूस बेफिकीर होतो.

२२ नोव्हेंबर
नांदेड पुढे ढकललं. या आठवड्याचं कंटेंट कॅलेंडर पूर्ण भरलंय. बाबा म्हणाले, असू दे, तुला सवड झाली की जाऊ. समजूतदार माणूस. रेवतीने हे शिकण्यासारखं आहे.

१४ डिसेंबर
बाजाराचा दिवस. दुकानात दिवसभरात एकच गिऱ्हाईक, तेही दांडीचा स्क्रू बसवून घ्यायला. बसस्टँडजवळच्या दीपक चष्मेवाल्याने मुन्नाचा भोंगा लावला होता. त्याच्या दुकानासमोर मोटारसायकली लावायला जागा नव्हती. ही सगळी तात्पुरती गर्दी. कोर्समधले सर म्हणतात, कंटेंटला सहा महिने द्या.
बाबा दुपारी दुकानात आले आणि काउंटरवरचा फ्रेमचा ट्रे पाडला. चार काचा फुटल्या. मी ओरडलो. ओरडायला नको होतं. पण कुणाच्याही डोक्याला ताण येतोच.

८ जानेवारी
व्हायरल! चार हजार व्ह्यूज! रील : 'काचबिंदू, दुखत नाही म्हणून कळत नाही'. दोन्ही बाजूंचं हळूहळू दिसेनासं होतं, माणूस दाराला, खुर्चीला धडकायला लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. हे शेवटचं वाक्य मी फारच मनापासून म्हटलंय. आवाज जरा कापला, तो तसाच ठेवला. एंगेजमेंट वाढते.
कमेंट सोलापूर, जळगाव, अगदी दुबईहून. बाळापूरहून अजून कुणाची नाही.
रेवतीने रील दोनदा पाहिली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, इम्प्रेस झाली. म्हणाली, आता जरा बाबांकडे बघा. बघितलं. बाबा जेवायला बसले होते आणि भाकरी ताटाच्या बाहेर चाचपत होते. स्वयंपाकघरात उजेडच कमी आहे. मोठा बल्ब आणणे.

१९ जानेवारी
रेवतीने मला न विचारता नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. परवाची. परवा नांदेडलाच माझी कंटेंट मार्केटिंगची कार्यशाळा. ती म्हणाली, एकाच गावात जाताय, मग बाबांना सोबत न्या. तिला फोकस म्हणजे काय ते कळत नाही. डॉक्टर काय, रोजच असतात. पुढच्या महिन्यात स्वतः नेणार. आता खरंच.

२१ जानेवारी, नांदेड, दुपारी ३
रेवती बाबांना एसटीने घेऊन आली. मला कळवलंही नाही. दवाखाना माझ्या हॉलपासून दोन गल्ल्यांवर.
तिचा फोन आला. काचबिंदू. उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्याने नळीतून बघावं एवढंच दिसतं. गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती टिकवायला औषध टाकायचं, तेही जन्मभर. दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर डावा बराच वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.
दोन-तीन महिने म्हणजे नोव्हेंबर.
सेशन संपायला वीस मिनिटं होती. संपवून गेलो. विषय महत्त्वाचा होता.

२२ जानेवारी
बाबांना म्हटलं, डॉक्टर लोक घाबरवतात. ते म्हणाले, कोणत्या बाजूला बसलास रे? मी उजवीकडे बसलो होतो. उठून डावीकडे बसलो.


३० जानेवारी
बाबांनी मुन्नाला बोलावून घेतलं. मजकूर स्वतः सांगितला. मी म्हणालो, असं घरातलं चव्हाट्यावर आणणं ब्रँडला बरं नाही. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

१ फेब्रुवारी, बाजाराचा दिवस
मुन्ना सकाळपासून फिरत होता. विश्वंभर चष्मेवाल्यांची नजर गेली हो, काचबिंदूनं गेली, दुखलं न्हाई म्हणून दाखवलं न्हाई, तुमी डोळ्याचा दाब मोजून घ्या.
आता बाळापुरात माणूस वारला की तेही मुन्नाच्याच रिक्षावरून सांगतात. अर्ध्या बाजाराने बाबांचं नाव ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही. अकरापर्यंत दुकानासमोर टोप्या काढून माणसं उभी. दोघांच्या हातात हार. बाबा आत खुर्चीत बसलेले दिसल्यावर काही जण रडले, काही हसले आणि सगळे आत येऊन बसले. बाबांनी एकेकाचा हात धरून धडकता का, अडखळता का, असं विचारलं. ज्यांना नांदेडला पाठवायचं त्यांची नावं मी लिहून घेतली. सव्वीस. सगळी बाळापूरची आणि आसपासच्या वाड्यांची.
तसं बघितलं तर हे कंटेंटच झालं. माहिती, विश्वास, फुकट. फक्त माध्यम जुनं. यावर रील करावी म्हणून फोन काढला.
तेवढ्यात सखुबाई, बाबांचं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, माझ्याकडे वळल्या. नातवाने त्यांना माझी ती रील दाखवली होती. म्हणाल्या, एवढं समदं तुला ठावं व्हतं बाबू, मग बापाला काहून न्हाई सांगितलं?
मी काही बोलायच्या आत बाबा बोलले. म्हणाले, त्यानं सांगितलं होतं, रोज मागं लागायचा बिचारा, मीच ऐकलं न्हाई.
मी सांगितलं नव्हतं. एकदाही नाही.
आज रील टाकली नाही.