नर्सबाईंचा पहिला प्रश्न

बाबा, गेल्या शनिवारी सकाळी देवपूजा आटोपली आणि मी तुमची मालिका लावली. आगीच्या बंबावरची आणि अँब्युलन्समधली माणसं, तीच. तुमच्या नातीने कुठून तरी शोधून दिली. "हा आजोबांचा सिरियल ना?" म्हणाली. मी तिचं मराठी सुधारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिला एवढंच आठवतं, की आजोबा सोफ्यावर मांडी घालून बसायचे आणि टीव्हीत भोंगा वाजला की हात जोडायचे.

आई गेल्यावर तुम्ही इंग्लंडला, माझ्याकडे मेडनहेडला आलात तेव्हा तुम्हाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. दुपारी जुने भाग लागायचे ते तुमचे तुम्हीच शोधलेत, आणि भाषेवाचून तुमचं काही अडलं नाही. बंबाच्या टकल्या मुख्याला तुम्ही पाटील केलंत, अँब्युलन्समधल्या बाईंना नर्सबाई. कोण कुणावर रुसलंय, कोण नोकरी सोडणार, हे तुम्ही मला जेवताना सांगायचात आणि ते बहुधा बरोबर निघायचं. रस्त्यात खरी अँब्युलन्स गेली तरी थांबून हात जोडायचात. कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. "आत जो असंल त्याच्यासाठी," तुम्ही म्हणालात. "नाव कशाला पायजे?"

मी तेव्हा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचो, वरच्या लहान खोलीत. एका दुपारी माझं बोलणं चालू असताना तुम्ही सफरचंदाच्या फोडी घेऊन आत आलात आणि पाटील आगीतून सुखरूप बाहेर आले ही बातमी मोठ्याने दिलीत. स्क्रीनवरचे सहाजण हसले. वाईट हसू नव्हतं ते. पण मी तुम्हाला बाहेर नेलं आणि म्हणालो, "दार लावलेलं असलं की आत यायचं नाही. शाळेत तर कळत होतं तुम्हाला."

माझ्याच शाळेत तीस वर्षं शिपाई होतात तुम्ही. नोटिशीची वही छातीशी धरून वर्गाबाहेर उभे राहायचात. गुरुजींची नजर जाईपर्यंत ना खोकायचात, ना कडी वाजवायचात. मी तिसऱ्या बाकावरून ते बघायचो आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. नेमकं तेच मी तुमच्या तोंडावर मारलं. तुम्ही फोडींची ताटली घेऊन खाली गेलात. संध्याकाळी त्या काळ्या पडलेल्या फोडी तुम्ही स्वतःच खाल्ल्यात. त्यानंतर तुम्ही त्या दाराला कधी हात लावला नाहीत.

मग तो मंगळवार. मीटिंग संपवून मी दार उघडलं तर तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होतात. सदरा घामाने भिजलेला, हात छातीवर. खालून मालिका संपतानाचं संगीत ऐकू येत होतं.

"झालं का रं काम तुझं?" तुम्ही विचारलंत. "भाग सुरू झाला तवापास्नं कळ येतीया."

अँब्युलन्स लगेच आली. हिरव्या कपड्यांतली दोघं जिना चढून वर आली आणि तशा अवस्थेतही तुमचा चेहरा खुलला. "आली आपली माणसं," म्हणालात. त्यातल्या बाईंनी गुडघे टेकून तुमचा हात हातात घेतला आणि दुखणं कधी सुरू झालं ते विचारलं. मी मराठीत सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं. तुमच्या नर्सबाई प्रत्येक भागात पहिल्यांदा हेच विचारायच्या. तुम्ही बाईंकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत.

"आत्ताच," म्हणालात. "धा मिन्टं झाली असतील."

आणि मी इंग्रजीत दहा मिनिटं सांगितली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. खरी वेळ सांगितली असती तर काही बदललं असतं का, मला माहीत नाही. डॉक्टरांना तेव्हा विचारलं नाही, नंतर कुणालाही विचारलं नाही. गावी ताईला कळवलं की अचानक झालं. गेली बारा वर्षं तुमच्या तिथीला ती फोनवर म्हणते, "नशीब, तुझ्याजवळ होते. इथं कुठली एवढी लगेच अँब्युलन्स?" आणि मी हो म्हणतो. रोज देवासमोर बसतो, पण हे त्यालासुद्धा कधी शब्दांत सांगितलेलं नाही. त्याला ठाऊकच असेल, असं म्हणून पुढचा श्लोक सुरू करतो.

शनिवारी तो भाग मला पुरता बघवला नाही. एक म्हातारा दुकानात कोसळतो, नर्सबाई गुडघे टेकतात. प्रश्न यायच्या आत मी टीव्ही बंद केला. देवघरातला दिवा अजून तेवत होता. तिथेच उभं राहून मी ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सफरचंदाच्या फोडी, शाळेवरून बोललो ते, पायरी, दहा मिनिटं.

शेवटी तिने विचारलं, "किती वेळ बसले होते?"

"अख्खा भाग संपेपर्यंत," मी म्हणालो. तिला ते कळणार नाही हे लक्षात आलं, म्हणून पुन्हा सांगितलं, "पाऊण तास."

"ठेव आता," ताई म्हणाली. "मीच करीन फोन."

आज सहा दिवस झाले. माझा हात फोनकडे जातो आणि मी तो मागे घेतो. तिने दार लावलंय बाबा, आणि मी बाहेर थांबलोय. मला हे तुमच्यासारखं जमत नाही.