मामांची खुर्ची आणि नन्नाचा आकडा

तीर्थस्वरूप मामांना,

तुमच्या भित्र्या भागूबाईचा साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनातच स्वीकारा. खरोखर आडवी झाले तर भीतीने परत उठता येणार नाही, अशी सध्याची अवस्था आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे आई ठीक आहे, मांजर ठीक आहे आणि मी कालपासून नुसत्या चहावर आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता. उभा जन्म तारऑफिसात काढल्यामुळे जे कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, असं तुमचं मत. आणि मामींना कुठल्या तोंडाने सांगू? जिन्याच्या कडेने रुळावरून वरखाली करणारी ती चालती खुर्ची घ्याच, आमच्याच कंपनीची आहे, म्हणून तुमच्या मागे हात धुऊन लागले होते ती मीच. तुम्ही कित्येक महिन्यांनी वरच्या खोलीत गेलात, जुना रेडिओ उघडून बसलात आणि मामींनी फोनवर रडत मला आशीर्वाद दिले. तो आशीर्वाद आता घशात अडकून बसला आहे.

माझं काम नक्की काय, हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी "कॉम्प्युटरचं" म्हणून वेळ मारून नेते. आज नीट सांगते. खुर्ची कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, कुठे थांबायचं, हे एक प्रोग्राम ठरवतो. त्या प्रोग्रामची खोड जिरवायला माझ्याकडे दुसरा प्रोग्राम आहे. तो आपल्या मनाने हजारो आकडे तयार करतो आणि पहिल्यावर फेकतो. माणूस तपासायला बसला की सव्वा, दीड, अडीच असले सभ्य आकडे घेतो. हा मेला नेमके वात्रट आकडे हुडकतो. दशांशचिन्हानंतर तीनशे शून्यं आणि मग कुठेतरी एक असा, उणे शून्य (हसू नका, असतं आमच्यात), अनंत, आणि या सगळ्यांचा बाप, ज्याला आम्ही ऑफिसात नन्ना म्हणतो. शून्याला शून्याने भागलं की तो जन्माला येतो. आकड्यांच्या पंगतीत बसतो, पण स्वतः आकडा नव्हे. तू दहापेक्षा मोठा का? नाही. लहान? नाही. मग दहाच का? नाही. बरं बाबा, निदान तू तुझ्याएवढा तरी आहेस का? तर त्यालाही नाही! वर ज्या हिशेबात शिरेल तो अख्खा हिशेब आपल्यासारखा करून टाकतो.

गेल्या आठवड्यात माझ्या प्रोग्रामने तक्रार आणली, की खुर्ची वर जाते पण थांबत नाही. त्याचा एक गुण असा, की तो रडगाणं गात नाही. घोळ सापडला की काटछाट करत करत तो सगळ्यात छोट्या प्रसंगावर आणून ठेवतो. हा प्रसंग एवढासाच होता : खुर्ची खाली उभी आहे आणि कळ एकाच क्षणात दोनदा दाबली. कापलेलं अंतर शून्य, लागलेला वेळ शून्य, म्हणून वेग नन्ना, आणि त्यावरून काढलेली पुढची जागाही नन्ना. मग खुर्ची विचारते, वरचं टोक आलं का? नाही. वेग फार झाला का? नाही. मग चला पुढे! (पूर्वी टोकाला वीज तोडणारा खटका असायचा. प्रोग्राम आहे ना, मग खटका कशाला, म्हणून तो शहाण्या माणसांनी काढला.) मी तोच आकडा हाताने घालून ऑफिसातल्या जिन्यावर प्रयोग केला. हा जिना लाकडी आहे आणि छताजवळ थेट भिंतीत संपतो. खुर्चीत नेहमीप्रमाणे वाळूचं पोतं पट्ट्याने बांधलेलं होतं. खुर्ची निघाली, टोक आलं, टोक गेलं, आणि रुळाच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर ती अशी आदळली की पट्टा तुटून पोतं कठड्यावरून खाली आलं आणि फुटलं. साहेब नेमके चहा घेऊन तिथून चालले होते. साहेब वाचले, चहात वाळू गेली. सगळे हसले. माझी मात्र पाचावर धारण बसली होती, कारण ते पोतं आम्ही तुमच्या वयाच्या माणसाच्या वजनाचं भरतो.

साहेब (माणूस वाईट नाही, फक्त त्यांना गुरुवार फार जवळ दिसतो) चष्मा पुसत म्हणाले, "अहो, तो आकडा तुम्ही हाताने घातलात. एका क्षणात दोनदा कळ दाबणारा एक तरी माणूस दाखवा मला! तुमच्या प्रोग्रामलाच सांगा, असले आकडे काढू नकोस म्हणून." आणि मामा, ते खरंच एका ओळीचं काम आहे. ती ओळ घातली की नन्ना वगळला जातो, सगळीकडे हिरवे दिवे लागतात, मी सही करते आणि गुरुवारी हाच प्रोग्राम आणखी शेकडो घरांत जातो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बघते." मग आमच्या इंजिनियरने दोन्ही अंगठ्यांनी कळ बडवून पाहिली. खुर्ची सेकंदात दहा वेळा घड्याळ बघते, तेवढ्या फटीत दोन ठोके काही त्याला बसवता येईनात. मलाही हायसं वाटलं. मी डबा उघडला, पहिला घास हातात घेतला आणि तुमचं बोट आठवलं.

मामा, दारावरची बेल तुम्ही कधी एकदा वाजवली आहे का? टकटक! तारेवर बसल्यावर पलीकडच्याला "आलो बरं का" म्हणून कळवायची ती तुमची खूण. रिमोट, लिफ्ट, मिक्सर, परक्याच्या घरातला दिवा, सगळ्याला ती सलामी दिल्याशिवाय तुमचं पान हलत नाही. लहानपणी आम्ही भावंडं ती नक्कल करायला जायचो, तर आमचे दोन ठोके सुटे पडायचे आणि तुमचे जुळून एकच वाटायचे. घास डब्यात परत ठेवला. मग स्वतःची समजूत घातली, की नवी कळ कडक असते, दुसरा ठोका तिला लागतच नसेल. संध्याकाळी घरी आले तर तुमचं पत्र : "कळ आधी हट्टी होती, आता लोण्यासारखी चालते." मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "अगं, दादाने चांगलंच लिहिलंय की!"

असो. फार पाल्हाळ झालं. तुम्हा दोघांच्या प्रकृतीची काळजी घ्या, हे आज नुसतं रीत म्हणून लिहीत नाही.

तुमची,
भित्री भागूबाई

ता.क. मुख्य काम राहिलंच. साहेबांना माणूस हवा आहे. बुधवारी ऑफिसात याल का? खुर्ची रिकामी असेल, तुम्ही फक्त खाली उभं राहून कळ दाबायची, तुमच्या पद्धतीने. चहा लांब ठेवायला सांगते.

ता.क. दुसरा. साहेबांना पटलं नाही तरी मी सही करणार नाही. हे लिहून ठेवते आहे, कारण नुसतं बोलले तर गुरुवारपर्यंत गिळून टाकीन. नोकरी जाईल याची भीती वाटते, खूप वाटते. पण तुमची जास्त वाटते.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवताना डोक्यात उजेड पडला, की टपाल पोचायला दिवस लागतात आणि तुम्ही रोज वरखाली करता. तेव्हा हे पोस्टात टाकत नाही, पुढच्या गाडीने स्वतःच घेऊन येते. दारात तुमच्या हातात देईन आणि एक शब्द न बोलता आत जाईन, कारण बोलायला लागले तर रडू येईल. म्हणजे या ओळीपर्यंत तुम्ही पोचाल तेव्हा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, तुमच्या खुर्चीच्या वाटेत बसलेली असेन. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागवा. उठणार मात्र नाही.