दाजींची स्फूर्ती आणि कोरी भिंत

तीर्थस्वरूप आप्पा यांना सोलापूरहून धाकट्या पारूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

इकडं सगळी खुशाल हायत असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते, पण खुशाल कुणी न्हाय. तुमचा गुडघा कसा हाय? वहिनींची शुगर उतरली का? फोनच करणार हुते, पण फोनवर तुमच्यातला मास्तर जागा हुतो आन् मला बोलूच देत न्हाई. म्हणून वहीचा कागद फाडून लिहिते. शेजारची रेश्मा फोटो काढून तुमच्या मोबाईलवर धाडंल. (चौथीपातुर शिकलेली हाय, चुका मोजत बसू नका.)

आप्पा, आधी मला सांगा, स्फूर्ती म्हणजे नेमकं काय? माझ्या चैतालीच्या साखरपुड्यात माईक हातात घेऊन तुमीच म्हणलात की आमच्या दाजींच्या हातात कला हाय, आन् स्फूर्ती आल्याबिगर खरा कलावंत ब्रशला हात लावत न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमी जेवून करमाळ्याला निघून गेलात, तुमचा शब्द हितंच राहिला. तीस वर्सं झाली, हे लोकांच्या लग्नघराच्या भिंती रंगवतात. सकाळी सातला शिडी लावायची, दाराच्या दोन्ही अंगाला दोन हत्ती, केळीचे खांब, वर गणपती, आन् शेवटाला नवरी-नवऱ्याचं नाव. दुपारी जेवायला घरी. एकदा अंगात ताप असताना माढ्याला जाऊन हत्ती काढून आले (सोंड जरा आखूड झाली, पण कुणी मोजली न्हाय). तवा कुटं गेलती ही स्फूर्ती? आन् आता स्वतःच्या पोरीचं लग्न आलं, तर माणूस चुना मारलेल्या भिंतीम्होरं खुर्ची टाकून बसलाय. म्हणतोय, येत न्हाय. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं, तरी उठले न्हाईत. मी हंडे भरतेय आन् हे भिंतीकडं बघतायत. म्हणलं, काय दिसतंय एवढं? तर म्हणाले, "भिंत."

मग मी इचारत फिरले. समोरची दानम्मा म्हणाली, दृष्ट लागली, मिरच्या उतरून टाक. टाकल्या. गल्लीभर ठसका, ह्यांच्या डोळ्याला पाणी, भिंत कोरीच. मेडिकलवाल्या सयाजीला इचारलं, तर त्यानं सरळ बाटलीच काढून दिली, वर छापलेलं की स्फूर्ती येते. दोन चमचे पाजलं. आली की! गच्चीवरची टाकी घासली, सायकलीला तेल घातलं, माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आन् परत वर ठेवली. भिंतीला मात्र बोट लावलं न्हाय. म्हणजे हिच्यात बी प्रकार हायत व्हय? टाकीला चालणारी येगळी, भिंतीला चालणारी येगळी? पुस्तकात बघून कळवा.

मंगळवारी हुणाऱ्या जावयाची, म्हणजे सतीशची, आई गोजरबाई बांगड्या घेऊन आली. आपल्यात भिंतीवर दोघांची नावं चढल्याबिगर हळद फोडत न्हाईत, हे तिला बी ठाऊक. हळद शुक्रवारी. दारातच थांबली आन् म्हणती, "पारूबाई, लग्नघर हाय का खोली भाड्यानं द्यायचीय?" मी म्हणलं, ह्यांना स्फूर्ती यायची हाय. तर म्हणती, "येऊ द्या की, तिचं बी ताट वाढू." चहा बी अर्धाच पिऊन गेली. (साखर बरोबर हुती, मी चाखून बघितला.)

मी बी पारू हाय. फ्लेक्सवाल्या निंगप्पाला बोलावलं. हत्ती-बित्ती काय न्हाय, मधे पोरा-पोरीचा फोटो, मागं बर्फाचा डोंगर. सोलापुरात बर्फ! त्यानं तो फ्लेक्स दारात उलगडला मात्र, ह्यांच्या कपाळाची शीर उठली. उठले आन् शिडी लावली. दोन वाजेपातुर दोन्ही हत्ती उभे. आप्पा, असले हत्ती ह्यांनी जन्मात काढले न्हाईत. डावीकडचा तर मान वळवून घरात बघतोय. मी मनात म्हणलं, स्फूर्ती म्हणजे राग व्हय! आधी सांगायचं, मी रोज आणला असता.

पण कुटलं काय. नावाची जागा कोरी ठेवून ब्रश रॉकेलात बुडवून ठेवला. मी म्हणलं, तीन अक्षरं हायत, चै, ता, ली, शाळेतलं पोर लिहील. तर मान खाली घालून म्हणाले, "ती तीन लिहिली की म्होरं सतीश लिहावं लागतंय." आता ह्याला काय अर्थ हाय? लिहावं लागणारच की, लग्न त्याच्याशीच हाय! हजार पोरींची नावं लिहिली ह्या माणसानं, एकीच्या येळेला ब्रश अडला न्हाय. आता शिडीवर चढतात, कोऱ्या जागेवर बोट फिरवतात आन् उतरतात. आला राग तरी येत न्हाय, न्हाय आला तरी येत न्हाय. मग ती असती तरी कशात? माझं तर डोस्कं बंद पडलंय.

तर शब्द तुमचा हाय, तुमीच येऊन परत न्या, न्हायतर त्याच्यावरचा उतारा धाडा. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांचे पापे, आन् शब्द शिकवणाऱ्याचं काय ते समोरासमोर.

तुमची,
पारू

ता. क. निंगप्पाचा फ्लेक्स परत दिला, बर्फासकट. मी हे पत्र लिहिलंय ते ह्यांना सांगू नका. चैतालीला तर अजिबात न्हाय.

आनखी एक. आत्ता हे कोपऱ्यावर गेलेत, म्हणलं मीच लिहून टाकते, एवढं काय त्यात. शिडीवर चढले. 'चि. सौ. कां.' एवढं झकास आलं. म्होरं ब्रश सरंना. ब्रश खराब असंल, न्हायतर रंग घट्ट झाला असंल. खाली बघितलं तर चैताली शिडी धरून उभी, म्हणती, "आई, जपून." मग उतरले. दानम्मा म्हणती, मामानं नाव लिहिलं तरी चालतं, आन् तुमचं अक्षर बी चांगलं हाय. मिळंल ती गाडी धरा. गुडघा दुखला तर दुखू दे, शिडी मी धरते. डबा उघडाच ठेवलाय, रंग वाळायच्या आत या.