लग्नातली चाल

अप्पा, काल तुमचा सत्कार झाला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, त्यामुळे शाल फोटोला पांघरली. तिरुवैयारूहून आलेले एक विद्वान म्हणाले, तुमची प्रत्येक चाल काळजातून आलेली होती. मी पहिल्या रांगेत बसून कॉफी गिळली. चाल कुठून यायची ते मला ठाऊक आहे. आधी पेटीवर सूर, मग ते धरून ठेवायला तोंडाला येतील ते मराठी शब्द, आणि मद्रासहून कवीचे तमिळ शब्द आले की मराठी केरात. आई स्वयंपाकघरातून ओरडते आहे, "रसम उतू चाललं, कोणी बघा गे," आणि तुम्ही तेच शब्द घेऊन अम्मन देवीचं गाणं बांधताय. पापनाशमच्या बसमध्ये ते अजून वाजतं. मराठीत गाणं करा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, तंजावुरात ते ऐकणार कोण?

म्हणून माझ्या लग्नात आई अडून बसली. "गावाला गाणी दिलीत, लेकीला एक द्या. आपल्या भाषेत." दिलंत. मला रीतीप्रमाणे झोपाळ्यावर बसवून भर मांडवात स्वतः गायलात. आई पदर डोळ्यांना लावून उभी होती. महिन्याभरात सासरच्या नव्या केबल टीव्हीवर कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली. तीच चाल. सासूबाईंना कौतुक, "अय्यो, तुझं लग्नातलं गाणं टीव्हीवर आलं की." मी एसटीडी बूथवरून तुम्हाला फोन केला. आधी काय होतं, लग्न की पावडर? "अगे, चाल चांगली होती. मांडवात लोकांना आवडली, तेव्हाच कंपनीला होकार कळवला." म्हणजे माझं लग्न ही तालीम, आणि आईने मागितलेले शब्द पुन्हा केरात. तिनेही ती जाहिरात पाहिली. त्यानंतर तुमच्यासमोर ती कधी गुणगुणली नाही. तुमच्या ते ध्यानातही आलं नसेल. ह्याचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

हे देवनागरीत लिहिते आहे. माझ्या घरात दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही आणि तुम्हाला पोचवायचं नाही. काल मला ते गाणं लग्नातल्या शब्दांत म्हणायला सांगितलं. आईची बाजू एकदा तरी लोकांच्या कानावर जावी म्हणून उठले, माइक धरला, आणि पहिली ओळच आठवेना. पावडरचे तमिळ शब्द मात्र शेवटच्या डागापर्यंत पाठ. तेच म्हटले. अख्खं सभागृह माझ्याबरोबर गायला लागलं आणि मी, खोटं कशाला सांगू, दुसरं कडवंही घेतलं.